हॉटेलातल्या नोकऱ्या मशीन खाणार का? मोरीपासून गल्ल्यापर्यंतचा हिशेब

प्रश्न चिपळूणच्या एका गृहस्थांचा आहे. धाकटा भाऊ दादरला एका हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आहे. मुलाची यंदा बारावी झाली आणि त्याला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय. मोबाइलवर रोबो डोसे काढताना आणि ट्रे घेऊन टेबलापाशी येताना दिसतात, त्यामुळे घरात सगळ्यांना घोर लागलाय. भावाची नोकरी टिकेल का, आणि मुलाच्या शिक्षणात पैसे घालावेत का?

आधी उत्तर देते, कारणं मागून. भावाची जागा रोबो घेणार नाही. पण भाऊ ज्या पायऱ्या चढून कॅप्टन झाला असेल, त्यातल्या खालच्या दोन-तीन पायऱ्या काढून टाकणं चालू आहे. त्याची झळ भावापेक्षा आज गावाहून मुंबईत येणाऱ्या पोराला जास्त बसणार. मुलाला जरूर घाला, पण कुठे आणि काय शिकायला, ते बघून.

मी दादरच्या केटरिंग कॉलेजची. विमानतळाजवळच्या मोठ्या हॉटेलात आधी फ्रंट ऑफिस (रिसेप्शन), मग एफ अँड बी (खाण्यापिण्याचा विभाग) असं बरंच केलं. आता मालकांना किचन मांडून देते. कुठलं मशीन घ्यायचं, ते कुठे बसेल, किती माणसं लागतील हे काढून देणं हा माझा धंदा. म्हणजे माणसं कमी करायचा कागद पुष्कळदा माझ्याच टेबलावरून जातो. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

रोबोचं प्रकरण लवकर आटपते. जपानात नागासाकीजवळ २०१५ मध्ये 'हेन ना हॉटेल' नावाचं रोबोंनी चालवायचं हॉटेल निघालं. रिसेप्शनला डायनासोर, खोलीत बोलणारी बाहुली. पाहुणा घोरायला लागला की बाहुलीला वाटायचं, काहीतरी मागतोय, आणि ती त्याला उठवून विचारायची. २०१९ मध्ये तिथल्या २४३ रोबोंपैकी निम्म्याहून जास्त काढून टाकले. अमेरिकेत पॅसाडीनाला २०१८ मध्ये बर्गर उलटणारा 'फ्लिपी' बसवला, तो एका दिवसात थांबवावा लागला, कारण बाकीची माणसं त्याच्या वेगाला पुरी पडेनात. आणि हे वेड आजचं नाही. फिलाडेल्फियात १९०२ मध्ये 'ऑटोमॅट' उघडलं होतं. भिंतीतल्या काचेच्या कप्प्यात नाणं टाका, दार उघडा, आतलं खाणं घ्या, वेटर नाही. न्यूयॉर्कमधलं त्यातलं शेवटचं १९९१ मध्ये बंद झालं. त्या भिंतीमागे कप्पे भरायला शेवटपर्यंत माणसंच उभी असायची.

२०१३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी कुठली कामं यंत्राकडे जाऊ शकतात याची यादी केली होती. तीत वेटरला ९४ टक्के धोका, रिसेप्शनच्या क्लार्कला तेवढाच, आणि मुख्य शेफला १० टक्के. व्हॉट्सॲपवर फिरणारी भीती बहुतेक तिथूनच येते. पण ते आकडे तंत्राने काय जमू शकेल याचे आहेत. मुंबईत मालकाला काय परवडेल हा हिशेब निराळा, आणि शेवटी तोच चालतो.

तो हिशेब कसा होतो ते सांगते. समजा मालकाने भांडी धुण्याचं तीन लाखांचं मशीन घ्यायचं ठरवलं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार. कारखानदार असता तर त्याने ते वळते करून घेतले असते. पण साधी हॉटेलं नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी लावतात आणि त्या बदल्यात खरेदीवरचा कर परत मिळत नाही. ते ५४ हजार गेलेच. मग वीज. दहा ट्रेचा कॉम्बी अवन (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर शिजवणारी भट्टी) घ्यायचा तर तो एकटा अठरा-एकोणीस किलोवॉट ओढतो. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतीत तेवढा लोड वाढवून मिळवणं म्हणजे सोसायटी, वायरमन आणि वीज कंपनी अशी तिहेरी यात्रा. आणि जागा? मुंबईत फुटाला भाडं असतं. मशीनने एक टेबल खाल्लं तर ते टेबल रोज किती फिरायचं याचा हिशेब शेठ तिथल्या तिथे तोंडी करतात.

एवढं असूनही मशीन येतंय, कारण माणूसही स्वस्त राहिलेला नाही. पगार हा त्यातला एक भाग. मुंबईत हॉटेलच्या पोराला दोन वेळचं जेवण आणि राहायला खोली द्यावी लागते. हॉटेलापासून चालत जाता येईल अशी आठ-दहा पोरांची खोली शोधून बघा, डिपॉझिट ऐकूनच घाम फुटतो. २०२०च्या लॉकडाउनमध्ये पोरं गावी गेली, आणि परत न आलेल्यांची संख्या मोठी होती. कुणी गावातच गाडी टाकली, कुणी डिलिव्हरीची बॅग पाठीला लावली. माझ्याकडे मशीनची चौकशी करायला येणाऱ्या मालकांची पहिली तक्रार पगाराची नसते. "मॅडम, माणूसच टिकत नाही हो," ही असते.

पहिली गेली ती मोरी. उडुपी पद्धतीच्या हॉटेलात दुपारी साडेबारा ते अडीच मोरीवर उभं राहून बघण्यासारखं असतं. स्टीलच्या वाट्यांना चटणी चिकटलेली, सांबाराचा तवंग, ताटल्यांचा ढीग खांद्याएवढा. पूर्वी तिथे तिघं असायचे. एक उष्टं काढायचा, एक घासायचा, एक विसळून फडक्याने पुसायचा. आता झाकण वरखाली होणारं मशीन बसतं. रॅकमध्ये अठरा ताटल्या, दीड-दोन मिनिटं, शेवटचं पाणी ऐंशी अंशांच्या वरचं. ताटली बाहेर येते तीच इतकी तापलेली की आपोआप सुकते. म्हणजे फडकेवाला गेला. घासणारा गेला. उष्टं काढून रॅक लावणारा उरला, आणि करपलेल्या कढया अजूनही हातानेच घासाव्या लागतात म्हणून तो टिकला.

इथे एक खास मुंबईची गंमत आहे. महापालिकेचं पाणी तलावांचं, मऊ. त्यावर मशीन सुखाने चालतं. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी आलं की कॉइलवर पांढरा थर धरतो, फवाऱ्याची भोकं बुजतात, आणि उन्हाळ्यात ऐन गर्दीच्या शनिवारी मशीन बंद. मेकॅनिक येईपर्यंत शेठ जुन्या मोरीवाल्याच्या गावाकडच्या नंबरवर फोन लावत असतात. मशीन विकणारे हे सांगत नाहीत. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर माझ्या यादीत मशीनच्या आधी असतो.

मोरी गेली याचं वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. ओल्या पायांनी बारा-बारा तास उभं राहायचं, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, ते काम कुणाच्या वाट्याला का यावं? मलाही तसंच वाटतं. पण मुंबईच्या हॉटेल धंद्यात मोरी हा प्रवेशाचा दरवाजा होता. दक्षिण कन्नडातून आलेली पोरं दिवसा फोर्ट-माटुंग्याच्या हॉटेलांत मोरीवर, संध्याकाळी नाइट स्कूलला. मग फडका, मग वेटर, मग गल्ला, आणि एक दिवस भागीदारीत स्वतःचं हॉटेल. आज ज्यांना आपण अण्णा म्हणतो त्यांच्यातल्या कित्येकांची सुरुवात अशी आहे. कोकणातली आणि घाटावरची मुलं खानावळींत आणि कँटिनांत याच वाटेने चढली. मोरीवरचा पोऱ्या काय शिकायचा? कुठल्या पदार्थाचं ताट अर्धं परत येतंय, हे मालकाच्या आधी त्याला कळायचं. हुशार आचारी येता-जाता मोरीत डोकावून उष्टं बघतो, ते उगाच नाही. आता मुलगा थेट टेबलावर लागतो. त्याला इंग्रजी मेन्यू वाचता आला पाहिजे, टॅबवर ऑर्डर टाकता आली पाहिजे. ज्याला ते येत नाही त्याला आत घ्यायला दारच उरलं नाही.

आणि हे होताना कुणाला नोकरीवरून काढलंय असं दिसत नाही. पोरगा गणपतीला गावी जातो आणि येत नाही, मालक त्याची जागा भरत नाही, एवढंच. संप नाही, मोर्चा नाही, वर्तमानपत्रात ओळ नाही. म्हणून यंत्रामुळे किती नोकऱ्या गेल्या असं विचारलं तर कुठलाच मालक "माझ्याकडून गेली" म्हणणार नाही. तो खोटंही बोलत नसतो.

किचनमध्ये तर बदल आणखी गुपचूप झाला. वेट ग्राइंडर, बटाटे सोलायचं मशीन, कणीक मळायचं मशीन, भाजी कापायचं मशीन हे येऊन जमाना झाला. आता खरा कापणारा सुरा म्हणजे सेंट्रल किचन. तुर्भे, भिवंडीसारख्या ठिकाणी एका गाळ्यात लाल, पांढरी आणि पिवळी ग्रेव्ही शिजते, पाउचमध्ये भरून गार होते आणि शहरभरच्या शाखांना जाते. शाखेत पाउच कापायचा, गरम करायचा, पनीर टाकायचं, वर क्रीमची रेघ ओढायची. हे काम पंधरवड्यात शिकवता येतं. कांदा कापणारी पोरं शाखेतून गेली हे एक झालं. त्याहून मोठं म्हणजे ग्रेव्हीचा उस्ताद शाखेतून गेला आणि त्याच्या हाताखाली शिकायची सोयही गेली. रोबो एकही आला नाही, तरी हे ऑटोमेशनच. पाउच कापणाऱ्याला उस्तादाचा पगार कोण देणार? तंदूरवाल्यांचं दुखणं वेगळं. हवेच्या प्रदूषणापायी महापालिकेने २०२५ मध्ये कोळशाच्या तंदुरी गॅस-विजेवर न्यायच्या नोटिसा काढल्या. निखाऱ्याचा अंदाज घेत पोळून निघालेले हात आता थर्मोस्टॅटच्या बटणावर आले.

आता भावाच्या टापूत येते. वेटर आणि कॅप्टन. क्यूआर कोडच्या मेन्यूने वेटर जातील असं कोविडनंतर सगळे म्हणत होते. तसं झालं नाही. आजोबा चष्मा शोधतात, नेट चालत नाही, आणि "यात तिखट किती आहे?" याचं उत्तर कोड देत नाही. पुष्कळ ठिकाणी छापील मेन्यू परत आला. मात्र ऑर्डरची चिठ्ठी गेली. टॅबवर टाकलं की किचनच्या स्क्रीनवर दिसतं, म्हणून वेटरच्या किचनपर्यंतच्या फेऱ्या वाचल्या आणि पूर्वी जिथे सहा वेटर लागत तिथे चारांत भागतं. जुन्या इराण्याकडे वेटर गल्ल्याकडे बघून बिलाचा आकडा ओरडायचा आणि कॅशियर नुसत्या चेहऱ्यावरून पैसे घ्यायचा. ते कसब आता कुणाला नकोय.

खरा फटका टिपला बसला, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. पूर्वी ६४७ रुपयांचं बिल झालं की सातशे दिले जायचे. बडीशेपेबरोबर त्रेपन्न परत यायचे, त्यातली वीसची नोट आणि सुटे टेबलावर राहायचे. आता गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं, बरोबर ६४७ भरतं आणि उठतं. त्यात वाईट हेतू नसतो, हातात नोटच नसते. कुणी वर पन्नास भरलेच तर ते मालकाच्या खात्यात जातात आणि महिनाअखेरीला त्याचा हिशेब कसा लागतो ते त्या-त्या मालकाच्या दानतीवर. जिथे टिपचा डबा असायचा आणि पॉइंटप्रमाणे किचन, मोरी सगळ्यांना वाटा मिळायचा, तिथे डबाच हलका झाला. मोठ्या ठिकाणी सर्व्हिस चार्ज होता. बिलात तो परस्पर लावायचा नाही असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. गिऱ्हाइकाच्या बाजूने निकाल बरोबरच आहे. पण वेटरचा पगार आकड्यात तोच राहून कमाई घटली, ती या दोन्ही बाजूंनी.

टॅबचा आणखी एक परिणाम म्हणजे प्रत्येक वेटरने सरासरी किती रुपयांचं बिल केलं, गोड किती टेबलांना विकलं, हे मालकाला घरबसल्या दिसतं. चांगल्या कॅप्टनला याचा फायदा होतो, हे मी पाहिलंय. वशिल्याचा माणूस उघडा पडतो. पण पावसाळी मंगळवारी रिकाम्या हॉटेलात आकडा कुठून आणायचा, हे त्या रिपोर्टला कळत नाही.

राहायच्या हॉटेलांत घाव ऑफिसच्या कामांवर बसला. नाइट ऑडिटचं उदाहरण घ्या. रात्री एकनंतर एक माणूस दिवसभराच्या सगळ्या पावत्या घेऊन बसायचा. रूमचं भाडं, रेस्टॉरंटची बिलं, लाँड्री, फोन, सगळं प्रत्येक पाहुण्याच्या खात्यात चढवायचं आणि बेरीज जुळेपर्यंत उठायचं नाही. पहाटे चारला तीस रुपयांचा फरक शोधत बसणारे नाइट ऑडिटर मी पाहिलेत. आता बटण दाबलं की सिस्टिम दिवस बंद करते, आणि ते बटण ड्युटी मॅनेजर दाबतो. टेलिफोन ऑपरेटर गेले. रिझर्व्हेशनला फोन घेणाऱ्या मुली कमी झाल्या, कारण बुकिंग साइटवरून येतं आणि दर आपोआप बदलतात. त्या जागी खोल्यांच्या दरांवर लक्ष ठेवणारा रेव्हेन्यू मॅनेजर आला, पण तो एकटा चार-पाच हॉटेलं एकाच ऑफिसातून सांभाळतो. चेक-इनचे किऑस्क आले, तरी काउंटर बंद होत नाही. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला फॉर्म भरून कळवावी लागते, पासपोर्टवरचा फोटो आणि समोरचा चेहरा कुणीतरी ताडून बघावा लागतो. हाउसकीपिंगमध्ये कुठली खोली आधी करायची ते ॲप सांगतं, पण गादीखाली चादर खोचणारे हात माणसाचेच. तिथे माणूस कमी झाला नाही, त्याच्यावरची नजर तेवढी वाढली.

नवी कामं? आहेत. गल्ल्यावर डिलिव्हरीचे टॅब सांभाळणारा, पार्सल भरणारा, कंपन्यांनी कापलेल्या कमिशनचा हिशेब जुळवणारा. आणि ज्याला खरी मागणी आहे तो मशीन दुरुस्त करणारा. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग केलेला, कॉम्बी अवन आणि डिशवॉशर उघडता येणारा पोरगा मला आज दोन मिळाले तर दोघांनाही उद्या कामाला लावीन. तुमच्या ओळखीत हॉटेलात जायची इच्छा असलेला पण इंग्रजीला घाबरणारा मुलगा असेल, तर त्याला ही वाट सांगा.

भावासाठी. कॅप्टनची जागा पक्की आहे ती तक्रार सांभाळता येते म्हणून. चुकीची डिश आली, टेबलावर भांडण झालं, दहा जणांचं बुकिंग बारा जणांचं झालं, ही कामं टॅबला येत नाहीत. त्याने दोन गोष्टी कराव्यात. एक, एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, 'फॉस्टॅक' प्रशिक्षण घेऊन फूड सेफ्टी सुपरवायझरचं प्रमाणपत्र मिळवावं. दर पंचवीस कामगारांमागे असा एक माणूस ठेवणं अपेक्षित आहे, त्यामुळे ते कागद असलेल्या कॅप्टनला मालक सहसा हात लावत नाही. दुसरं, स्वतःचं पीएफ खातं बघावं. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ आणि दहा किंवा जास्त असली की, पगार २१ हजारांपर्यंत असेल तर, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होतं. मशीन आल्यावर हजेरीपटावरची माणसं कमी दाखवायचा मोह काही मालकांना होतो, तेव्हा आपलं नाव यादीत आहे ना, हे दर महिन्याला मोबाइलवर तपासणं बरं. आणि ऑनलाइन आलेल्या टिपचं वाटप कसं होतं ते सगळ्या पोरांनी मिळून विचारावं. एकट्याने विचारलं की तो नको असलेला माणूस ठरतो.

मुलासाठी. आयएचएम या सरकारी हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात जायचं तर एनसीएचएम या राष्ट्रीय परिषदेच्या नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते; मुंबईतलं दादरला आहे. खाजगी कॉलेज बघायला गेलात तर लॉबीतल्या झुंबराकडे बघू नका. ट्रेनिंग किचन उघडायला सांगा आणि मुलं हाताने काम करतायत का ते बघा. जे उद्या मशीन करणार आहे तेही एकदा हाताने केलेलं असलं तरच मशीन चुकलेलं कळतं. ग्रेव्ही फाटली की पाउचच्या वेष्टनावर उत्तर लिहिलेलं नसतं. शिक्षणात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस असे चार विभाग असतात. त्यातलं नुसतं फ्रंट ऑफिस धरून बसू नये असं मी आता स्पष्ट सांगते, मी स्वतः तिथूनच आले असले तरी. किचन किंवा सर्व्हिस, आणि जोडीला एक्सेलवर खर्चाचा ताळा काढता येणं, एवढं असलं की पोरगा उपाशी राहत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पगार कमी आणि तास जास्त असतील, हे त्याला आजच सांगून ठेवा. आणि इंडस्ट्रियल ट्रेनिंगला हॉटेल निवडायची मुभा मिळाली, तर जिथे ग्रेव्ही अजून हॉटेलच्याच किचनमध्ये शिजते तिथेच त्याला पाठवा, मग ते पंचतारांकित नसलं तरी चालेल.